विश्वस्त निधी व्यवस्थापन व दाता-भागीदारी : खान्देशातील व्यवहार

विकासकामांसाठी एका किंवा अनेक देणगीदारांनी ठरावीक हेतूने दिलेला पैसा, स्वतःच्या भांडवलात न मिसळता, वेगळ्या खातेवहीत सांभाळून खर्ची घालण्याची व्यवस्था. पैसा सांभाळणारी संस्था (जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांची एखादी शाखा, प्रादेशिक विकास बँक) विश्वस्त असते, मालक नसते. बोलण्यात याला सरसकट ‘ट्रस्ट फंड’ म्हणतात. यातून मिळणारा पैसा बहुधा अनुदानाचा असल्याने परतफेड नसते. हिशेबाच्या अटी मात्र कर्जापेक्षाही बारीक असतात.

भारताशी संबंध असलेले जुने उदाहरण १९६०चे आहे. सिंधू पाणीवाटप करारासोबत सिंधू खोरे विकास निधी उभा राहिला. अनेक देशांचा पैसा एकत्र आला आणि जागतिक बँक त्याची प्रशासक झाली. भारतानेही करारानुसार ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा समान वार्षिक हप्त्यांत द्यायचे मान्य केले. पुढे जागतिक पर्यावरण सुविधा (१९९१), एड्स, क्षयरोग व हिवतापाविरुद्धचा ग्लोबल फंड (२००२), हवामान गुंतवणूक निधी (२००८) असे मोठे निधी आले. अशा निधींत जागतिक बँकेचे काम बरेचदा तिजोरी सांभाळण्यापुरते असते. पैसा कोणाला द्यायचा हे निधीचे स्वतंत्र मंडळ ठरवते.

प्रकार प्रामुख्याने दोन. एकाच दात्याचा निधी आणि बहुदाता निधी. पहिल्यात दात्याची पसंती, त्याचा अहवालाचा नमुना, त्याचे बोधचिन्ह, त्याचे पाहणी पथक असा सगळा लवाजमा येतो. रक्कम लहान असली तरी लवाजमा लहान होत नाही, त्यामुळे सुटे छोटे निधी हाताळणाऱ्याला नकोसे वाटतात ते रास्तच आहे. बहुदाता निधीत सर्वांना मिळून एक अहवाल जातो. कोणत्याही दात्याचा रुपया वेगळा ओळखता येत नाही, आणि येऊही नये. तरी ‘आमचा पैसा अमुक जिल्ह्यातच दिसावा’ असा आग्रह मागून येतोच. तो करारात लिहून घेण्याऐवजी ‘पसंती’ म्हणून नोंदवला, तर पुढची डोकेदुखी वाचते.

पैशाच्या वाटेवर पाच टप्पे येतात : घोषणा, सही झालेला प्रशासन करार, खात्यात जमा रक्कम, प्रकल्पाला केलेले वाटप, प्रत्यक्ष खर्च. घोषणेच्या आकड्यावर गावात काम सुरू करणे ही सर्वांत जुनी चूक. काम बांधून घ्यायचे ते जमा रकमेच्या जोरावर. समजा, दात्याने १० कोटी क्रोनर (नॉर्वेसारख्या देशांचे चलन) कबूल केले आणि करारावेळी डॉलरचा भाव १० क्रोनर होता, तर आराखडा १ कोटी डॉलरचा होतो. हप्ता पोचेपर्यंत भाव ११ झाला, तर हाती सुमारे ९०.९ लाख डॉलरच येतात. रुपया घसरला की गावपातळीवर उलटे होते, डॉलरच्या अनुदानाचे रुपये वाढतात. ती वाढही मंजुरीशिवाय खर्चता येत नाही.

वरच्या पातळीवर शुल्क कापले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या बहुदाता निधींत प्रशासक १ टक्का घेतो, आणि काम करणारी संस्था कार्यक्रमाच्या खर्चावर ७ टक्के अप्रत्यक्ष खर्च लावते. म्हणजे १०० रुपयांतले साधारण साडेब्याण्णव रुपये कामाला उरतात. हा हिशेब गावच्या बैठकीत आधीच सांगितला, तर ‘मधले पैसे कुठे गेले’ हा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

खान्देशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) ‘वर्ल्ड बँकेचा प्रोजेक्ट’ म्हणून ओळखले जाणारे बहुतेक काम ट्रस्ट फंडाचे नसते, कर्जाचे असते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जळगाव जिल्हा आला तो जागतिक बँकेच्या कर्जातून. साक्रीच्या सौर प्रकल्पामागे जर्मन केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज आहे. ट्रस्ट फंड अशा कर्जाच्या बाजूने चालतो : अभ्यास, सल्लागार, प्रशिक्षण, देखरेख. शेतकऱ्याच्या बांधावर तो क्वचितच दिसतो. सरकारी वाटेने आलेल्या बाह्य मदतीत राज्य बहुधा आधी आपल्या अर्थसंकल्पातून खर्च करते, मग दावा दिल्लीला, अर्थ मंत्रालयाच्या सहाय्य लेखा विभागाकडे जातो आणि प्रतिपूर्ती होते. ज्या कामाला राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूदच नाही, त्याचा करार कितीही पक्का असला तरी तालुक्याला छदाम पोचत नाही.

खरी अडचण दिनदर्शिकेची आहे. भारत सरकारचे वर्ष एप्रिल ते मार्च, जागतिक बँकेचे जुलै ते जून, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचे जानेवारी ते डिसेंबर. सातपुड्याचे वर्ष या तिन्हींत बसत नाही. जून ते सप्टेंबर नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर माती-दगडाचे काम होत नाही. तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या चांदसैली घाटात दरड कोसळली की साहित्यही अडकते. पाऊस उघडतो, दिवाळी होते आणि मजूर ऊसतोडीला गुजरातेत निघून जातात. होळीला घरी येऊन पुन्हा तोडीवर जातात. सलग समतल चर (उतारावर पाणी अडवणारे आडवे खंदक) खोदायला माणसे मिळतात ती उन्हाळ्यात. आता संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची उचल पाहा : ती साधारण तीन महिन्यांच्या कामापुरती मिळते, आणि तिचा हिशेब सहा महिन्यांहून जास्त थकला तर पुढची थांबते. ऑक्टोबरात घेतलेली उचल डिसेंबरअखेर तशीच पडून राहते, अहवालात ‘अखर्चित’ दिसते, आणि एप्रिलात माणसे हाताशी असतात तेव्हा पैसा नसतो. यात कोणाचीच लबाडी नसते. उपाय साधा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीत मोजणी, आराखडे, प्रशिक्षण ठेवावे आणि खोदकामाची उचल मार्चमध्ये मागावी. पण हे करारावर सही होण्यापूर्वी सांगावे लागते.

स्वयंसेवी संस्थांच्या वाटेवर परदेशी देणग्यांवर (अभिदाय) नियंत्रण ठेवणारा विदेशी अभिदाय (विनियमन) कायदा, २०१० आडवा येतो. नोंदणी पाच वर्षांची असते, वार्षिक विवरणपत्र वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत भरायचे असते, आणि या पैशावरचे व्याजही विदेशी अभिदायच धरले जाते. २०२०च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यायला हवा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने दुसरीला पैसा पुढे देणे बंद झाले. तिसऱ्या बदलाने जुनी भागीदारीच मोडली : मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेने दात्याशी करार करायचा आणि नंदुरबारच्या छोट्या संस्थेने पाड्यावर काम करायचे, ही रीत आता चालत नाही. छोट्या संस्थेला स्वतःची नोंदणी हवी, नाहीतर मोठीने स्वतःची माणसे नेमून काम करावे. २० टक्क्यांची मर्यादाही डोंगरात जास्त टोचते, कारण गाडीचा खर्च प्रशासकीय धरला जातो. सपाटीवरच्या तालुक्यात तो किरकोळ असतो. धडगावात गाडी हेच अर्धे काम.

जागतिक बँक, नाणेनिधी, संयुक्त राष्ट्रे व त्यांच्या विशेष संस्था यांचा पैसा या कायद्यात ‘विदेशी स्रोत’ ठरत नाही. परदेशी सरकारचा किंवा प्रतिष्ठानाचा थेट पैसा ठरतो. दोन्ही प्रकार एकाच बँक खात्यात आले की लेखापरीक्षक अडतो, आणि वर्षभराच्या पावत्या पुन्हा वेगळ्या करत बसावे लागते.

अपात्र खर्च म्हणून परत मागितल्या जाणाऱ्या रकमांमागे अपहारापेक्षा कागदाचा तुटवडा जास्त असतो. हजेरीपत्रकावर अंगठे आहेत पण साक्षीदाराची सही नाही. मोजमाप वहीत चराची लांबी आहे, खोली नाही. तीन दरपत्रके एकाच दुकानाच्या छापील नमुन्यावर. खर्चाची तारीख करारापूर्वीची. करार इंग्रजीत, हजेरी मराठीत आणि ज्यांच्या नावे मजुरी पडते ते घरात भिली किंवा पावरी बोलणारे. मजुरीचा दर आणि चराचे माप पाड्याच्या बोलीत जाहीर वाचून दाखवणे हे म्हणूनच अंतर्गत नियंत्रणच होय.

भागीदारीचे जमलेले उदाहरण म्हणून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाकडे पाहता येते. तो ट्रस्ट फंड नव्हता, पण रचना शिकण्यासारखी होती. केएफडब्ल्यूचा पैसा नाबार्डमार्फत (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक) येई. आधी छोट्या क्षेत्रावर क्षमता बांधणीचा टप्पा, तो जमला तरच पूर्ण अंमलबजावणी. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान या अटी गावाने आधी मान्य करायच्या, आणि खाते पाणलोट समिती व संस्था यांच्या संयुक्त सहीने चालायचे.

बिघडलेले मोठे उदाहरण खान्देशातलेच आहे, तेही कर्जाचे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे होती. ती तेव्हा धुळे जिल्ह्यात होती, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहेत. अक्कलकुव्यातील मणिबेली त्यांतलेच. पुनर्वसनाच्या अटी कागदावर होत्या, त्या पाळल्या जातात का हे पाहणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र मोर्स समितीने १९९२ मध्ये अहवाल दिला, मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकणारे स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या पैशावरील प्रकल्पाने नुकसान होत असेल, तर बाधित लोकांना त्या मंडळाकडे थेट जाता येते.

निधी बंद करताना शेवटच्या तारखेनंतर काही काळ (जागतिक बँकेत सहसा चार महिने) फक्त आधी झालेल्या कामाची देयके चुकवता येतात; नवे काम घेता येत नाही. उरलेली रक्कम व व्याज परत जाते किंवा करारानुसार दुसऱ्या निधीत वळते. गाड्या, संगणक, पंप कोणाच्या नावे राहणार हे लेखी ठरवावे लागते. न ठरवल्यास ती मालमत्ता विमा व दुरुस्तीविना पंचायत समितीच्या आवारात पडून राहते आणि पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप म्हणून पुन्हा निघते.