आधी गाड्या, मग गेट: एमसीपी सर्व्हरच्या देखरेखीमागची गोष्ट

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत भंगाराची गाडी आली की आधी गेटवर नोंद होते, मग वजनकाटा, मग ती आत जाते. एआयला कंपनीच्या सॉफ्टवेअरशी जोडताना हा क्रम उलटा झाला. गाड्या आधी धावल्या, गेट मागाहून बसलं. एमसीपी ही एआयला सॉफ्टवेअरशी जोडायची ठरलेली रीत, आणि गेटवे म्हणजे त्या सगळ्या जोडण्यांवर नजर ठेवणारी एकच चौकी. आपल्या भागातले कारखानदार आज 'एमसीपी गेटवे कुठला घ्यावा' असं विचारू लागलेत, त्याचं मूळ इथं आहे.

जून २०२३ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं आणि एआय मॉडेलला बाहेरच्या सॉफ्टवेअरमधली कामं सांगता येऊ लागली. पण दर मॉडेलसाठी आणि दर सॉफ्टवेअरसाठी जोडकाम वेगळं करावं लागे. २५ नोव्हेंबर २०२४ ला अँथ्रॉपिक या एआय कंपनीने सगळ्यांसाठी एकच जोडणी असावी म्हणून मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये मांडलेल्या, कोड लिहायच्या एडिटरना प्रोग्रामिंग भाषांशी जोडणाऱ्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवरून त्याची प्रेरणा घेतलेली होती. सुरुवातीचे बरेच सर्व्हर, म्हणजे एकेक सॉफ्टवेअर एआयला जोडून देणारे प्रोग्राम, प्रोग्रामरच्याच संगणकावर चालत आणि त्या सॉफ्टवेअरची किल्ली, म्हणजे पासवर्डसारखा गुप्त कोड, एखाद्या फाइलीत पडलेली असे. एका माणसाच्या टेबलावर ते चाललं. दोनशे माणसांच्या कारखान्यात कोण चालवून घेईल?

ओऑथवर, म्हणजे पासवर्ड न देता मर्यादित परवानगी द्यायच्या पद्धतीवर, आधारलेली परवानगीची रीत एमसीपीच्या मानकात आली ती मार्च २०२५ मध्ये. त्याच महिन्यात ओपनएआयनेही एमसीपी स्वीकारला. जूनच्या आवृत्तीत टोकन, म्हणजे परवानगीची डिजिटल चिठ्ठी, ज्या सर्व्हरसाठी दिलंय त्यानेच ते घ्यावं, हा नियम पक्का झाला. डिसेंबर २०२५ मध्ये प्रोटोकॉल लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला.

मधल्या काळात धोके उघड झाले. एप्रिल २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की टूलच्या, म्हणजे सर्व्हर मॉडेलला करू देतो त्या एकेका कामाच्या, वर्णनातच छुप्या सूचना पेरता येतात. मॉडेल त्या वाचतं, वापरणाऱ्याला त्या दिसत नाहीत. मला सर्वांत अस्वस्थ केलं ते सप्टेंबरच्या प्रकरणाने. ईमेल पाठवणारं एक एमसीपी पॅकेज आधीच्या आवृत्त्यांत सरळ वागलं, लोकांचा विश्वास बसला, आणि मग एका नव्या आवृत्तीत एकच ओळ वाढवून प्रत्येक ईमेलची प्रत परक्या पत्त्यावर जाऊ लागली. म्हणून सर्व्हर एकदा तपासला की झालं, असं नाही. मंजूर आवृत्तीच चालेल आणि वर्णन बदललं तर थांबवेल, अशी सोय गेटवेत हवीच.

आमच्याकडे कास्टिंगची ड्रॉइंग बहुधा गिऱ्हाइकाची असतात. ती बाहेर गेली तर ऑर्डर जाते. त्यातच सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे संगणकांवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. कुठल्या माणसाच्या नावाने कुठलं टूल कधी चाललं, हे गेटवे सांगू शकत नसेल तर ६ तासांत कळवणार काय? डॅशबोर्ड किती देखणा, हे मी शेवटी बघेन.

लहान युनिटला आयबीएमचा खुला कॉन्टेक्स्टफोर्ज किंवा डॉकरचा गेटवे आधी लावून बघता येईल. पहिल्या दिवशी शिफ्ट सुपरवायझरला रिजेक्शनचे आकडे फक्त वाचता यावेत, खरेदीची ऑर्डर काढता येऊ नये, आणि त्याने नोकरी सोडली की त्याची वाट एकाच ठिकाणाहून बंद व्हावी. एवढं करून दाखवा, असं विक्रेत्याला बेळगावात बोलावूनच सांगावं.