तालीम (कोल्हापूर)

तालीम म्हणजे कुस्ती शिकायची, मेहनत करायची आणि बऱ्याच ठिकाणी पैलवानांनी राहायची जागा. महाराष्ट्रात गावोगाव तालमी आहेत, पण कोल्हापुरात हा शब्द कुस्तीच्या बराच पुढे गेलाय. पेठेची ओळख, गणपतीचं मंडळ, फुटबॉलची टीम, मोहरमचा पंजा (मोहरमात बसवतात तो धातूचा हात), निवडणुकीत माणसं जमायची जागा, हे सगळं तिथे तालीम या एकाच नावाखाली चालतं. ही नोंद मुख्यतः त्या पसाऱ्याबद्दल आहे. डावांची यादी आणि स्पर्धेचे नियम इथे घेतलेले नाहीत.

शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवण. फारसी आणि दखनीमार्गे तो मराठीत आला याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो शिकवणीवरून जागेवर अर्थ कसा सरकला याचा. एक मत असं की आधी 'तालीमखाना' हा जोडशब्द होता आणि त्यातला खाना बोलताना गळून पडला. दुसरं मत असं की क्रियेचंच नाव जागेला मिळालं, जसं शाळेला जाणं म्हणजे शिकायला जाणं. जुने लोक अजून तालीमखाना म्हणतात त्यामुळे पहिलं मत सोपं वाटतं खरं, पण मराठीत नाटकाच्या, गाण्याच्याही तालमी होतात आणि 'अमक्याच्या तालमीत तयार झालेला' असं आपण गवयाबद्दल आणि पुढाऱ्याबद्दलही म्हणतो, तिथे खाना कधीच नव्हता. म्हणजे उस्तादासमोर रोज तीच गोष्ट घटवणं हा अर्थ आधीचा आणि जागा नंतरची, असं मानणं जास्त बरोबर वाटतं. उस्तादाचा मराठीत वस्ताद झाला तो याच वाटेने. पैलवान आणि कुस्ती हे दोन्ही शब्दही फारसीतलेच. कुस्तीचा संबंध काही अभ्यासक पारशी लोक कमरेला बांधतात त्या पवित्र कुस्तीशी, म्हणजे कमरपट्टा धरून खेळायच्या झुंजीशी जोडतात. हे मत पटण्यासारखं आहे, मात्र मधल्या काळातल्या कड्या विरळ आहेत. आखाडा मात्र इकडचा, संस्कृत अक्षवाट आणि त्यावरून प्राकृत अक्खाड.

शब्द बाहेरचे म्हणून विद्याही बाहेरून आली असं होत नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (१२ व्या शतकाचा पूर्वार्ध) मल्लविनोद असा भागच आहे, त्यात मल्लांची प्रतवारी आहे, त्यांना राजाकडून मिळायच्या खाण्यापिण्याचा उल्लेख आहे. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्ल या पैलवान समाजाशी जोडलेलं मल्लपुराण नंतरचं, त्याच्या काळाबद्दल एकमत नाही. आजची मातीतली कुस्ती ही या जुन्या मल्लयुद्धाची आणि मध्य आशियातून आलेल्या पद्धतीची सरमिसळ आहे असं सहसा म्हणतात. पण किती कुठलं हे वेगळं काढता येत नाही. डावांची नावं बघितली तरी ते कळतं, ढाक, पट, मोळी, टांग ही इकडची नावं एकीकडे आणि कलाजंग, कैची ही बाहेरच्या वळणाची दुसरीकडे, आणि पोरगं शिकतं तेव्हा दोन्ही एकाच दिवशी शिकतं.

कोल्हापुरात तालमी शाहू महाराजांनी सुरू केल्या असं सर्रास लिहिलं जातं. ते तसंच्या तसं घेऊ नये. पेठांमधून व्यायामाच्या जागा आधीपासून होत्या. १८९४ ला राज्याधिकार मिळाल्यावर महाराजांनी, जे स्वतः कुस्ती खेळलेले होते, या जागांना राजाश्रय दिला, खुराकाची सोय लावली, उत्तरेकडचे, खास करून पंजाबचे मल्ल इकडे आणून ठेवले आणि सगळ्या जातीच्या पोरांना मातीत उतरायला वाट करून दिली. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकाच हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, अंगाला अंग लावून लढायचं म्हटल्यावर शिवाशिव टिकत नाही. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती ते आज पटकन लक्षात येत नाही.

खासबाग मैदान ही त्यांची सर्वांत ठळक खूण. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले तेव्हा वाटेत रोमचं कलोसियम बघितलं आणि तिथून कल्पना आली असं मानतात. काम १९०७ च्या सुमाराला सुरू होऊन १९१२ ला मैदान तयार झालं. कलोसियमशी त्याचं साम्य गोलसर घेराइतकंच आहे, बाकी रचना अगदी वेगळी. तिथे कमानींचे दगडी मजले एकावर एक आहेत, इथे मधे मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती चढत गेलेला उतार, त्यामुळे शेवटच्या ओळीत बसलेल्यालाही पुढच्याचं डोकं आड न येता कुस्ती दिसते. साधारण २५ ते ३० हजार माणूस बसतो असं म्हणतात. कलोसियमपेक्षा आपल्याकडचं जत्रेतलं टेकडीच्या पायथ्याचं मैदान याला जास्त जवळचं आहे असं वाटतं, विलायतेत बघितलं ते भव्यतेचं माप, मांडणी मात्र इथलीच. मैदानाला लागूनच १९१५ च्या सुमाराला पॅलेस थिएटर उभं राहिलं, आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. नाटकाची तालीम आणि कुस्तीची तालीम अशा शेजारी शेजारी नांदल्या. ८ ऑगस्ट २०२४ ला या नाट्यगृहाला आग लागली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. कोल्हापूरकर त्या रात्री रस्त्यावर रडले.

आता खुराक. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई आणि मटण. थंडाईसाठी बदाम, खसखस, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), बडीशेप, मिरी, वेलची कुंडीत घालून दांड्याने घोटतात, मिक्सरला फिरवलेली थंडाई जुने पैलवान थंडाई मानत नाहीत. घोटणं हीसुद्धा मेहनतच, ती सहसा नव्या पोरांकडे असते. संध्याकाळी गंगावेशीसारख्या भागात दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ कोमट दूध ग्लासात देतात, पिणाऱ्यांत पैलवान थोडे आणि दुकानदार, रिक्षावाले, बाहेरगावहून अंबाबाईला आलेली माणसंच जास्त. हा कट्टा तालमींमुळे झाला, असं एक लाडकं मत शहरात आहे. दुसरं मत पंचगंगेच्या खोऱ्यातलं पाणी, वैरण आणि गवळी समाजाची शहरातली वस्ती याकडे बोट दाखवतं, आणि मूळ कारण तेच असावं, कारण म्हशी आधी असल्याशिवाय दूध पिऊन पैलवान तयार कसे होणार. पण दूध उभ्याउभ्या, धारोष्ण, आणि म्हशीचंच प्यायचं ही आवड मात्र तालमीतून घरोघर गेली हे मान्य करायला हरकत नाही. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ म्हणजे गोकुळ १९६३ चा, त्याचा कुस्तीशी थेट संबंध नाही, तरी पैलवानाचं पिळदार अंग आणि दुधाचा ग्लास ही जोडी या भागात दूध विकणाऱ्या कुणालाही वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कुस्तीतला पैसा कसा फिरतो हे जत्रेत बघावं. गावची यात्रा असली की वर्गणी काढून इनाम ठरतं, पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवर आणि नारळावर, मग शंभर, पाचशे, हजार असं चढत चढत शेवटची मोठी जोड. हलगी आणि घुमकं वाजत असतं, जिंकलेल्याला लोक मैदानातच नोटा देतात, फेटा बांधतात. या पैशावर कितीतरी गरीब घरच्या पोरांचा वर्षाचा खुराक चालतो, यात्रांचा हंगाम म्हणजे त्यांचा सुगीचा काळ. शहरात ठेकेदार तिकीट लावून मैदानं भरवायचे. पाकिस्तानातून सादिक पंजाबीसारखे मल्ल यायचे आणि गणपत आंदळकर, मारुती माने यांच्या कुस्त्यांना माणूस मावायचा नाही. संस्थान गेल्यावर आश्रय देणारा राजा राहिला नाही, ती जागा बऱ्याच अंशी सहकारी साखर कारखान्यांनी घेतली. मल्लांना मानधन, कारखान्याच्या नावाने कुस्ती मैदान. वारणानगरचं दरवर्षीचं मैदान त्यातलं सर्वांत मोठ्यांपैकी एक. कारखान्याच्या सभासदांतच कुस्तीशौकीन बसलेले, त्यामुळे हा खर्च कुणाला जाहिरात वाटला नाही, कर्तव्य वाटलं. राजकारणातही हेच बळ उतरलं, मारुती माने राज्यसभेत गेले, सांगलीचे बिजली मल्ल संभाजी पवार आमदार झाले.

या सगळ्यात खाशाबा जाधवांचं उदाहरण वेगळं काढून सांगायला पाहिजे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूर महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचे पैसे जमेनात तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले, बाकीचे लोकांकडून वर्गणीने आले. बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्तीची मैदानं भरवून, स्वतः लढून पैसा जमवला आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. ऑलिंपिक पदकाची किंमत शेवटी जत्रेच्याच हिशोबाने, मातीतल्या इनामातून फिटली, आज खेळाडूंच्या कराराबद्दल वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे ते पोलीस खात्यात गेले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन आहे. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं, तोही कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याचा.

पोलीस खातं आणि कुस्ती हे नातं तेव्हापासून आजपर्यंत टिकलंय. महाराष्ट्र केसरी (राज्यातला कुस्तीचा मानाचा किताब) विजय चौधरी आणि कुस्तीगीर राहुल आवारे यांना पोलीस उपअधीक्षकपदी थेट नेमणूक मिळाली. तालमीत पोर घालताना आज बरेच आईबाप भरतीचा विचार आधी करतात.

शहरातल्या अनेक तालमींत आता माती कमी आणि मंडळ जास्त. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी इथे कुस्ती जोरात आहे, २०२२ ला पृथ्वीराज पाटीलने सुमारे २१ वर्षांनी महाराष्ट्र केसरीची गदा कोल्हापूरला आणली तेव्हा शहरभर जल्लोष झाला. पण पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या तालमींची नावं नव्या पिढीला आधी माहीत होतात ती फुटबॉलमुळे. क्लबच्या नावात तालीम असलेलं फुटबॉल दुसरीकडे क्वचितच दिसेल. सामना हरला तर पेठ हरते, ही भावना कुस्तीच्या जोडीतूनच इकडे आली असावी. बाबुजमाल आणि इतर तालमींत मोहरमचे पंजे बसतात, गणपतीही बसतो, २०१८ ते २०२० या वर्षांत दोन्ही सण एकत्र आले तेव्हा काही ठिकाणी एकाच मांडवात. शाहूंच्या हौद्यातला एकोपा सगळ्यात स्पष्ट इथे दिसतो.

भाषेत कुस्ती इतकी मुरलीय की बोलणाऱ्याला जाणवतही नाही. शड्डू ठोकणं, दंड थोपटणं, आखाड्यात उतरणं, चितपट करणं, पाठीला माती लागणं. अस्मान दाखवणं म्हणजे समोरच्याला उताणा पाडणं, पाठ टेकली की त्याला आभाळच दिसतं. धोबीपछाड हा डाव धोबी दगडावर कपडा आपटतो तसा खांद्यावरून आपटण्याचा. खडाखडी म्हणजे सुरुवातीची एकमेकांना जोखायची झटापट, दोन पक्षांची नुसती बोलाचाली चालली असली की बातमीत हाच शब्द येतो. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, हे तर व्यापारातही म्हणतात, सगळा भाव पहिल्याच बैठकीत सांगू नये या अर्थाने. नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती, पंजाबी-उर्दूतही राजकारणासाठी हाच शब्द चालतो. नूरा नावाच्या कुण्या मल्लावरून तो पडला असं सांगतात, पण ही मागून जोडलेली व्युत्पत्ती असावी. पंजाबी मल्लांबरोबर हा शब्द दक्षिणेत आला हे जास्त संभवतं.

मॅटवरची कुस्ती आल्यावर तालमींपुढे नवा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन्ही विभाग आहेत आणि दोघांतले विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. मातीत घटवलेला पैलवान मॅटवर वेगात कमी पडतो असं म्हणतात, म्हणून बऱ्याच तालमींनी हौद्याशेजारी मॅट टाकलीय. मुलींची कुस्तीही वाढतेय, पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. जुनी तालीम ही पुरुषांची राहायची जागा असल्याने मुलींचा सराव बहुतेक वेगळ्या केंद्रांतच चालतो.