पाच व्होल्टचं माप खरं किती?

अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर व्होल्टमीटर करायला एक संध्याकाळ पुरते. दोन रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, दोन ओळींचा एलसीडी आणि जेमतेम वीस ओळींचा प्रोग्रॅम. माझा मीटर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा कायम शून्य दाखवायचा, कारण बोर्डाने मोजून दिलेल्या आकड्याला मी आधी 1024 ने भागलं आणि मग 5 ने गुणलं होतं. पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडतो, उरतं शून्य! ती चूक निस्तरल्यावर एक बॅटरी जोडली. मल्टिमीटर म्हणत होता 9.00, माझा मीटर 9.56.

वायरी तपासल्या, रेझिस्टर बदलले, आकडा तोच. दोष जोडणीत नव्हताच.

उनोवरच्या एटीमेगा 328 पी या चिपला व्होल्ट म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. तिच्यातला एडीसी, म्हणजे पिनवर आलेल्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, फक्त तोलतो. त्याच्याकडे दहा वजनं आहेत असं समजा: 512, 256, 128 असं निम्मं होत होत शेवटी 1. पिनवर 3.3 व्होल्ट आले की आधी 512 चं वजन पारड्यात पडतं. कमी पडलं, म्हणून ते राहतं. 256 टाकलं की पारडं झुकतं, म्हणून ते काढलं जातं. 128 राहतं, 64 जातं, 32 राहतं. 16, 8 आणि 4 जातात. 2 आणि 1 राहतात. पारड्यात उरलेल्या वजनांची बेरीज 675. हे सगळं सुमारे 100 मायक्रोसेकंदांत उरकतं.

पण ही वजनं कशाची? एरवी चिपच्या स्वतःच्या पुरवठ्याची. पुरवठ्याचे 1024 समान भाग कल्पायचे. तो नेमका 5 व्होल्ट असेल तर एक भाग 4.9 मिलिव्होल्टचा. माझा पुरवठा संगणकाच्या यूएसबीतून येत होता आणि मोजला तर तो भरला 4.7 व्होल्ट. वजनंच हलकी, मग माल जड भरणारच.

इलाज चिपमध्येच आहे. तिच्यात साधारण 1.1 व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो आणि वजनांसाठी पुरवठ्याऐवजी तो प्रोग्रॅममधल्या एका ओळीने निवडता येतो. 'साधारण' म्हणायचं कारण असं की तो चिपगणिक 1.0 ते 1.2 व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. मात्र एका चिपमध्ये तो बऱ्यापैकी स्थिर राहतो, यूएसबीच्या चढउतारांची फारशी पर्वा न करता. मला विचाराल तर नेमक्या पण डळमळीत मापापेक्षा चुकीचं पण स्थिर माप बरं. चूक एकदा मोजली की वजा करता येते.

आता रेझिस्टर. या संदर्भावर पिन 1.1 व्होल्टपर्यंतच मोजते, म्हणून बॅटरीचं व्होल्टेज आधी विभागावं लागतं. 100 किलोओहम आणि 10 किलोओहम एकापाठोपाठ जोडून मधल्या सांध्यातून पिनला तार दिली की अकरावा हिस्सा आत जातो आणि मीटर 12 व्होल्टपर्यंत मोजतो. हेच आकडे का? याहून फार मोठे घेतले तर एडीसीच्या आतल्या चिमुकल्या कपॅसिटरला वेळेत भरायला पुरेसा प्रवाह मिळत नाही; पिनला व्होल्टेज पुरवणाऱ्या स्रोताचा रोध 10 किलोओहमच्या आत हवा आणि या जोडीचा तो सुमारे 9.1 भरतो. फार लहान घेतले तर मीटरच बॅटरी पिऊ लागतो. तसाही हा 110 किलोओहमचा मीटर खादाडच आहे; नेहमीच्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध 10 मेगाओहम असतो. बॅटरीला याचा फरक पडत नाही, पण मोठ्या रेझिस्टरांच्या सर्किटमध्ये तो मोजायच्या व्होल्टेजलाच खाली ओढतो.

घरातल्या विजेच्या सॉकेटला हा मीटर कधीही लावू नका. शिवाय याचं ग्राउंड यूएसबीतून संगणकाच्या ग्राउंडला जोडलेलं असतं. मोजायचं सर्किटही त्याच संगणकावर चालत असेल तर काळी तार भलत्या जागी लागताच शॉर्ट सर्किट होतं. सुट्या बॅटऱ्या मोजाव्यात, निर्धास्त.

अंतर्गत संदर्भ निवडल्यावर तीच बॅटरी पुन्हा जोडली. आकडा आला 9.16. प्रोग्रॅममध्ये 1.1 च्या जागी 1.08 लिहिलं, तर 8.99. उरलेल्या शतांशामागे मी लागलो नाही: या जोडणीत एडीसीची एक पायरीच, म्हणजे 1024 भागांतला एक भाग, जवळजवळ 12 मिलिव्होल्टची आहे. एलसीडीवर तिसरा दशांश दाखवण्याचा मोहही तिथेच सोडला.