औषधाच्या चाचणीत 'साखरेच्या गोळ्या': खरं काय?

"चाचणीत नाव दिलं की अर्ध्या पेशंटना साखरेच्या गोळ्या देतात आणि खरा उपचार बंद करतात," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

भीती निराधार नाही. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण हुबेहूब दिसणारी गोळी, खरंच वापरतात. पण कशी, ते बघा. समजा रक्तदाबावरचं नवं औषध तपासायचंय. अनेकदा दोन्ही गटांची नेहमीची गोळी चालूच राहते. तिच्या जोडीला एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला प्लासिबो. किंवा सरळ नवं विरुद्ध जुनं. गंभीर आजारावर खात्रीचा उपचार असताना पेशंटला नुसत्या प्लासिबोवर ठेवायला नीतिमत्ता समिती, म्हणजे पेशंटच्या हितासाठी चाचणी तपासून मंजुरी देणारी समिती, सहसा परवानगी देत नाही.

पडताळायचं कसं? संमतीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत मागा. कोणत्या गटात जायची शक्यता किती, हे त्यात लिहावंच लागतं. शिवाय देशातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही ऑनलाइन, फुकट बघता येते. तुलना कशाशी आहे, तेही तिथे असतं. आणि सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं.