पित्ताची गोळी आणि पोटरीतला गोळा

पोट बिघडलं की पोटविकारतज्ज्ञ आणि पायात गोळे आले की हाडांचे डॉक्टर, अशी आपली सरळ वाटणी असते. फायली दोन, चिठ्ठ्या दोन. दोन्हीकडचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणू लागतात, ‘तू फार विचार करतेस.’ अशा वेळी दोन्ही फायली शेजारी ठेवून एक साधा प्रश्न विचारावा: पित्ताची गोळी किती वर्षं चालू आहे?

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल या त्या अनशापोटी घ्यायच्या गोळ्या. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे प्रथिनांचे पंप असतात, ते या गोळ्या बंद पाडतात. ओमेप्राझोल १९८८ साली स्वीडनमध्ये बाजारात आलं आणि अल्सरवरचे उपचार बदलून गेले. औषध चांगलंच आहे. पण चार-आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालते. चिठ्ठी जीर्ण झाली तरी मेडिकलवाला पट्टी काढून देतो.

२००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन रुग्णांची हकिगत छापून आली. दोघंही वर्षाहून अधिक काळ ओमेप्राझोल घेत होते, दोघांचेही हातपाय आखडत होते. रक्तातलं मॅग्नेशियम फार खाली गेलेलं होतं. पुढे असे आणखी रुग्ण सापडत गेले आणि त्यांच्या लघवीतही मॅग्नेशियम कमीच निघालं. म्हणजे मूत्रपिंडं जमेल तितकं वाचवून ठेवत होती. मुळात आतड्यातून ते पुरेसं शोषलंच जात नव्हतं.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं एक टक्क्याहून कमी रक्तात, ती पाकिटातली चिल्लर. खरी ठेव हाडांत आणि स्नायूंत. मॅग्नेशियम फार घटलं की रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं काम मंदावतं आणि पाठोपाठ कॅल्शियम उतरतं. मूत्रपिंडांतून पोटॅशियमही वाहून जाऊ लागतं. मग मज्जातंतू कारण नसताना संदेश सोडतात आणि स्नायू आवळले जातात. अशा रुग्णाला नुसतं कॅल्शियम किंवा पोटॅशियम देऊन भागत नाही, आधी मॅग्नेशियम भरून काढावं लागतं.

हे आवळणं डोळ्यांनी पाहता येतं. ब्लड प्रेशरचा पट्टा दंडावर बांधून, वरच्या आकड्याच्याही थोडा पुढे फुगवून तीन मिनिटं तसाच ठेवतात. मनगट आत वळतं, बोटं ताठ राहून मुळाशी वाकतात आणि अंगठा तळव्याकडे ओढला जातो. एकोणिसाव्या शतकातल्या आर्मां त्रूसो या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. यंत्र तेच, दवाखान्यातलं रोजचं.

गोम पुढे आहे. मॅग्नेशियम कमी झालं की भूक मंदावते, मळमळतं. रुग्णाला वाटतं पित्तच वाढलंय, आणि गोळी एकाची दोन होते! इलेक्ट्रोलाइट्सच्या नेहमीच्या तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असतं. मॅग्नेशियम वेगळं सांगून तपासावं लागतं.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांना मॅग्नेशियम देऊनही पुरलं नाही, गोळीच थांबवावी लागली. थांबवल्यावर साधारण आठवड्याभरात पातळी सुधारली. पुन्हा सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत परत घसरली. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही सोबत चालू असतील तर धोका आणखी वाढतो.

म्हणून मॅग्नेशियमच्या डब्या मागवत सुटायचं कारण नाही. वयस्कर माणसांच्या रात्रीच्या पेटक्यांवर त्यांचा विशेष उपयोग होत नाही, असंच आजवरच्या चाचण्यांचा आढावा सांगतो. वर जुलाब होतात ते वेगळेच. पोट साफ होण्यासाठी मॅग्नेशियमचं पांढरं औषध देतात ते याच गुणामुळे.

पित्ताची गोळी कधीच घेतली नसेल तर दुसरीकडे शोधावं लागतं, आणि तिथे सीलिअॅक आजार डावलून चालत नाही. गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजतात, स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर पडतात आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमही घेऊन जातात. दिल्ली परिसरातल्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरात सुमारे एकाला हा आजार आढळला. आपल्याकडे घोटाळा असा होतो, की कुणीतरी सांगतं म्हणून चपाती सोडून भाकरी सुरू केली जाते, पोटाला बरं वाटतं आणि मग रक्त तपासायला दिलं जातं. तोवर शोधायची प्रतिपिंडं उतरलेली असतात आणि रिपोर्ट खोटाच दिलासा देतो. आधी तपासणी, मग भाकरी.

राहता राहिला प्रश्न पित्ताची गोळी सोडण्याचा. डेन्मार्कमध्ये पित्ताचा काहीही त्रास नसलेल्या १२० जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठ आठवडे खरी गोळी, निम्म्यांना दिखाऊ. बंद केल्यानंतरच्या आठवड्यांत खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आम्लपित्तासारखा त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. दाबून ठेवलेलं आम्ल उसळी मारतं, म्हणून एकदम सोडणाऱ्याला वाटतं गोळीशिवाय आपलं चालणारच नाही. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात किंवा काही दिवस फॅमोटिडिनसारखं दुसऱ्या जातीचं औषध देतात. मात्र ज्यांच्या अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे किंवा जे हृदयासाठी अॅस्पिरिन घेतात, त्यांनी हा लेख वाचून परस्पर गोळी बंद करू नये.