सावड (पुणे जिल्हा)

शेतीच्या घाईच्या दिवसांत शेजारच्या घरांनी एकमेकांच्या रानात आळीपाळीने, मजुरी न घेता राबायचे आणि ते काम कामानेच फेडायचे, या रीतीला सावड म्हणतात. पैरा, वारंगुळा ही नावेही महाराष्ट्रात याच अर्थाने चालतात. इर्जिक थोडी वेगळी. तीत गावातली औते एका दिवसापुरती एकाच्याच रानात उतरतात आणि मालक सगळ्यांना जेवण घालतो. सावडीत मात्र प्रत्येक घराची पाळी येते, आणि ती यावी म्हणूनच ती केली जाते.

पुणे जिल्ह्यात सावड सर्वांत घट्ट टिकली ती पश्चिमेच्या भातपट्ट्यात: मावळ, मुळशी, वेल्हे, भोर आणि जुन्नर, आंबेगाव, खेडचा डोंगरी भाग. याला कारण पाऊस. लोणावळ्याला वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या बारामतीला 500 च्या आसपास. भाताची आवण, म्हणजे रोपांची लावणी, आर्द्रा आणि पुनर्वसू नक्षत्रांत उरकावी लागते. खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, पाणी उभे असते आणि रोप तीन-चार आठवड्यांचे झालेले असते, तेवढेच दिवस हातात असतात. रोप राबात, म्हणजे भाजून तयार केलेल्या रोपांच्या वाफ्यात, जास्त दिवस राहिले तर पुढे फुटवे कमी येतात. चार माणसांच्या घराला एवढ्या दिवसांत सगळी खाचरे लावून होत नाहीत. पाच-सात घरे एकत्र आली की होतात.

या कामाची सुरुवात उन्हाळ्यातच होते. शेण, टहाळ (झाडाच्या पानांच्या फांद्या), पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर रचून राब भाजतात. त्याने तणाचे बी जळते आणि रोपाला राख मिळते. वारा पडल्यावर राब पेटवायचा आणि आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून शेजारच्या रानातल्याने थांबायचे, ही सावडीची वर्षातली पहिली कामगिरी. पावसाने जोर धरला की पहाटे बैल किंवा पॉवर टिलर खाचरात जातो आणि चिखलणी होते. बायका राबातली रोपे उपटतात, मुळांची माती पाण्यात खळबळून मुठी बांधतात. मुठी चिखलात फेकणारा वेगळा असतो. लावणाऱ्या बाईला मूठ हाताशी मिळाली पाहिजे आणि तिच्या पायातही येता कामा नये, एवढा अंदाज त्याला लागतो. मग सगळी ओळ वाकून मागे मागे सरकत लावत जाते. पाठीवर पूर्वी इरले किंवा घोंगडीची खोळ असे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो. कोणाच्या खाचरात आधी उतरायचे हे घराच्या मोठेपणावर ठरत नाही. ज्याचे रोप आधी तयार आणि ज्याच्या खाचरात वरच्या बांधावरून पाणी आधी उतरले, त्याची पाळी पहिली.

जेवण मालकाच्या घरचे. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कालवण, सुकट. ओढ्याला खेकडे मिळत असतील तर त्यांचा रस्सा. हे जेवण मजुरीत धरत नाहीत.

हिशेब कुठे लिहिलेला नसतो, पण तो चोख असतो. माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस. औताचा दिवस जास्त मोलाचा. तो किती माणसांच्या दिवसांनी फेडायचा हे गावागावावर असते. सावड बुडवणाऱ्याला कोणी दंड करत नाही, पुढल्या वर्षी त्याच्या बांधावर माणसे कमी येतात. मात्र घरात आजारपण असेल, मयत झाली असेल, किंवा एकटी बाई शेत सांभाळत असेल, तर तिथे केलेले दिवस कोणी मोजत नाही. सावडीला नुसती श्रमांची देवाणघेवाण म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. हिशेब कुठे मिटवायचा हेही गावाला ठाऊक असते.

या रीतीला देवाधर्माची जोड जागोजागी आहे. राबासाठी टहाळ रानातून येतो, पण देवराईतला, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातला, नाही. तिथे कोयता चालवायचा नाही हे ज्याला त्याला माहीत असते. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा हा निर्बंध जंगल राखण्यात किती उपयोगी पडला हे अभ्यासकांपुढे आले. मात्र सावडीची खरी कसोटी लागते ती वारीच्या दिवसांत. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून अष्टमीला निघते, आणि आषाढी एकादशीच्या सुमारास पंढरपूरला पोहोचते. पूर्वेकडचा वारकरी पेरणी उरकून निघतो. भातपट्ट्यातल्या वारकऱ्याची मात्र अडचण होते, कारण त्याच्या आवणीचे दिवस नेमके वाटेतच येतात. त्याची खाचरे सावडीतली घरे लावतात, गुरांना वैरण-पाणी शेजारी करतो. परतल्यावर तो तुळशीमाळ, बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद घरोघर देतो, आणि राहिलेले दिवस भात कापणीला फेडतो. वाटेवरची गावेही हाच भार उचलतात. यवतला तुकाराम महाराजांच्या पालखीसोबतच्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण असते आणि त्यासाठी घराघरातून भाकऱ्या येतात. सुगी झाल्यावर गावोगाव होणाऱ्या हरिनाम सप्ताहातही पंगतीची पाळी आणि स्वयंपाकाला लागणारे हात याच पद्धतीने वाटून घेतले जातात.

आंबेगाव, जुन्नर, खेडच्या डोंगरात महादेव कोळी समाजात सावडीचे एक अवघड रूप आहे: पडकई. कोरड्या दिवसांत काही कुटुंबे गट करून डोंगरउतारावर दगडी ताली, म्हणजे माती अडवणारे बांध, रचतात, माती ओढून सपाट करतात आणि नवे भातखाचर तयार करतात किंवा जुने दुरुस्त करतात. गटातल्या प्रत्येकाचे रान क्रमाने होते. डिंभे धरणात पाण्याखाली गेलेली शेती पाहता, वरच्या उतारावर नवे खाचर उभे करणे इथल्या घरांसाठी पोटाचा प्रश्न होता. पुढे शासनाने पडकई याच नावाने कार्यक्रम राबवला आणि कामाला रोख मजुरी मिळू लागली. पण जिथे हातांऐवजी जेसीबी आला तिथे उतार वेगाने आणि खोलवर कापला गेला. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर अशा यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर बरीच टीका झाली. हाताने रचलेली ताल दर वर्षी थोडी-थोडी वाढते, आणि गटातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठला उतार सोडून द्यायचा ते कळते. हे ज्ञान जपण्यासारखे आहे.

पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत बाजरीची खुरपणी आणि ज्वारीची काढणी पूर्वी सावडीने होई. कांदा आणि ऊस आल्यावर तिथे उक्त्याने काम घेणाऱ्या टोळ्या रुळल्या. पुरंदर, बारामतीकडच्या धनगरांशी मात्र देवघेव चालू आहे: कोकणात जाता-येता कळप रात्री शेतात बसवायचा, शेताला लेंडीखत आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे.

भातपट्ट्यातली सावड आकसली, त्याचे पहिले कारण जमीन. मुळशीची खाचरे धरणात जाऊ नयेत म्हणून 1921 ते 1924 सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, धरण झालेच. अलीकडे हिंजवडी, चाकण आणि फार्महाऊसच्या प्लॉटिंगने बांधाला बांध लागलेली घरे विरळ झाली, आणि शेजारी शेतकरी नसेल तर सावड कोणाशी करणार? तरीही ती मोडलेली नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत दोरी धरून 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने रोपे लावतात. त्याला दोरी धरणारे दोघे आणि लावणारी ओळ लागतेच. कंपनीत नोकरीला असलेली मुले शनिवार-रविवार गाठून गावी येतात, आणि बऱ्याच वाड्यांत आवणीची पाळी आता त्या दोन दिवसांवरच बसवली जाते.