जात्यापाशी उकललेलं मन : जर्नलिंगच्या आधीची गोष्ट

‘रोज पंधरा मिनिटं मनातलं कागदावर उतरवा’ हा जर्नलिंगचा सल्ला आता समुपदेशकांपासून मोबाइलवरच्या व्हिडिओंपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतो. त्यामागचं संशोधन अमेरिकेतलं, १९८० च्या दशकातलं. पण रोज ठरलेल्या वेळी बसून आपल्या सुखदुःखाला शब्द देण्याची सवय मराठी मुलखात निदान नऊशे वर्षं जुनी आहे. ती बायकांनी घडवली आणि बायकांनीच सांभाळली. ती म्हणजे जात्यावर दळताना गायची ओवी. आपण तिला लोकगीत म्हणून गौरवतो. मन सांभाळण्याची रीत म्हणून तिच्याकडे फारसं पाहत नाही. ते पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ओवी तेव्हाही हातातल्या कामाशी बांधलेली होती. पुढे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती ओवीतच. आणि जनाबाईच्या अभंगांत तर विठोबा स्वतः दळायला येऊन बसतो. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या या बाईला कामात हातभार हवा होता, तितकंच कुणीतरी ऐकणारंही हवं होतं. त्या अभंगांत तिला दोन्ही मिळतं.

दळण पहाटेचं. घर उठायच्या आत दिवसाच्या भाकरीपुरतं पीठ पडायला हवं. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, वरच्याला लाकडी खुंटा. डाव्या-उजव्या हाताची पाळी बदलत खुंटा ओढायचा आणि मधूनमधून मुठीनं दाण्यांची वैरण घालायची. धान्य जास्त असलं, की दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या. एकीनं ओळ उचलली, की दुसरी सूर मिळवायची. दगडाची घरघर सुरू असल्यानं पलीकडच्या खोलीत नीट काही ऐकू जात नसे. सासरी दिवसभर तोंड उघडायची चोरी असलेल्या सुनेला पहाटेची ही घटका मोकळी मिळायची.

पहिली ओवी बहुधा देवाला. मग माहेर, आईची आठवण, भाऊ आणायला येईल का ही वाट पाहणं, लेकाचं कौतुक, लेकीची काळजी, सासूचा जाच, नवऱ्याचा अबोला, पंढरीची वारी. स्वतःच्या संसाराचं दुःख थेट बोलता येत नसेल, तर सीतेचा वनवास गायचा. सीतेला वनात धाडलं, तिची बाजू कुणी घेतली नाही, हे गाताना गाणारी कुणाबद्दल बोलते आहे ते समोर बसलेलीला बरोबर कळायचं. मराठवाड्यात माजलगावच्या भीमनगरात बायकांनी जात्यावर बाबासाहेबांना गायलं. तिथं ओवी घरच्या दुःखापुरती न राहता स्वाभिमान बोलू लागली.

एका प्रसिद्ध ओवीत जात्याला डोंगरातून आलेला ऋषी म्हटलं आहे. आईजवळ उकलावं तसं काळीज मी तुझ्यापाशी उकलते, असं ती बाई त्या दगडाला सांगते. आपण हे कशासाठी करतो याची पुरती जाण तिला होती. हे गाणं केवळ श्रम विसरण्यासाठी होतं, असं म्हणणं म्हणजे तिचं अर्धंच ऐकणं आहे.

या ओव्या कागदावर यायला बराच काळ जावा लागला. साने गुरुजींनी गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून छापून आणल्या. सर्वांत मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ यांचं. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या गरिबांच्या संघटनेबरोबर काम करताना ते या गाण्यांपर्यंत पोहोचले. पुढे हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. हा ठेवा आज ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत वाचता-ऐकता येतो.

दरम्यान गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं कोपऱ्यात गेलं. यात हळहळण्यासारखं काही नाही. दळण म्हणजे खांदे आणि कंबर मोडणारं काम. बाळंतीण असो की आजारी, ते चुकत नसे. गिरणीनं बायकांचे हजारो तास वाचवले. पण काम गेलं त्याबरोबर ती घटकाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कुणी ठरवून दिली नाही. आता ओव्या ऐकू येतात त्या बहुतेक लग्नघरी, हळदीच्या जात्याला सुपारी बांधतात तेव्हा.

त्या जुन्या आणि नव्या जगाच्या मध्ये मला बहिणाबाई चौधरी दिसतात. जळगावजवळच्या आसोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. घरोट्यावर म्हणजे जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्यांनी रचलं ते मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून उरलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं छापलं गेलं. टिपून घेणारं घरात कुणी नव्हतं अशा किती जणी असतील!

आता अमेरिकेतलं संशोधन. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ विद्यार्थी, सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लेखन. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवावर. या दुसऱ्यांतही काहींनी फक्त घटना, काहींनी फक्त भावना आणि काहींनी दोन्ही लिहिल्या. दोन्ही लिहिणाऱ्यांना लेखनानंतर लगेच जास्त उदास वाटलं, रक्तदाबही वाढला. मात्र पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. काय घडलं आणि त्यानं मला काय झालं, हे जोडून सांगणं महत्त्वाचं ठरलं. ओवीत नेमकं हेच असतं: भाऊ आला नाही ही घटना, आणि वाटेकडे बघून डोळे शिणले ही भावना, दोन ओळींत एकत्र.

पेनेबेकर यांनी पुढे अशा लेखनातले शब्द मोजले. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘आता कळतं’ अशा अर्थाचे शब्द ज्यांच्या लेखनात दिवसागणिक वाढत गेले, त्यांना फायदा अधिक झाला. तेच दुःख त्याच शब्दांत उगाळत राहणं वेगळं. त्यानं उदासी वाढते, हे सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनानं दाखवलं आहे. जात्यावर एका विषयात अडकून राहणं अवघड होतं. समोरची दुसरी ओवी उचलायची, दुःखावरून गाणं लेकाच्या कौतुकाकडे वळायचं, आणि सुपातले दाणे संपले की बैठकही मोडायची. आज वहीत लिहिणाऱ्यानं वेळेची मर्यादा पाळावी असं सांगतात, ती मर्यादा जात्यावर आपोआप पडत होती.

लेखनाचे फायदे मात्र फुगवून सांगितले जातात, आणि ते मला खटकतं. २००६ मध्ये जोआन फ्रातारोली यांनी १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा परिणाम खरा पण लहान निघाला. महागडी डायरी, रंगीत पेनं किंवा पैसे भरून घ्यायचा कोर्स यांची त्यासाठी काहीच गरज नाही; जुन्या वहीची पाठकोरी पानंही चालतात. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, नको वाटलं तर फाडून टाकायचं. एखादा प्रसंग लिहिताना सोसवत नसेल, तर त्या दिवशी तो सोडून दुसऱ्या विषयावर लिहावं, असं पेनेबेकरही सांगतात.

पेन हातात धरायची सवय नसलेल्यांनाही हे करता येतं. लिहिण्याऐवजी टेपरेकॉर्डरशी बोलायला लावून नव्वदच्या दशकात प्रयोग झाले, तेव्हा बोलण्याचाही तसाच उपयोग दिसला. आज ते काम साध्या मोबाइलवर होतं. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबून राहू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालू आहे, आणि तिथं मराठीतून बोलता येतं.